पावसाळ्यात ‘बार्फ’: क्लोराइड काढून दुबळा ऋणायन बसवण्याची कृती, पहिल्या वजनापासून शेवटच्या एनएमआरपर्यंत

जुलै उजाडला की आमच्याकडे एक तक्रार ठरलेली. “मॅडम, बार्फ मोजून टाकला, रात्रभर ढवळला, तरी फॉस्फरसच्या एनएमआरमध्ये जुनं शिखर आहेच.” मी विचारते, “वाळवला कधी होतास?” मग शांतता. बाटलीवर शुद्धता छापलेली असते, पूड पांढरी नि सुटी दिसते, खोलीत एसी चालू असतो. मग वाळवायचं कशाला, असा सगळा हिशेब. (एनएमआर म्हणजे चुंबकात अणू तपासून शिखरांच्या रूपात रेणूची ओळख देणारी चाचणी. जुनं शिखर दिसतं म्हणजे सुरुवातीचा पदार्थ अजून उरलाय.)

बार्फ म्हणजे टेट्राकिस[३,५-बिस(ट्रायफ्लोरोमिथाइल)फिनाइल]बोरेट. (नवीन पोरं पहिल्या दिवशी ‘बर्फ’ ऐकतात आणि फ्रीजरकडे जातात.) बोरॉनभोवती चार फिनाइल वलयं, त्यांवर आठ ट्रायफ्लोरोमिथाइल गट, म्हणजे चोवीस फ्लोरीन. हा ऋणायन, म्हणजे ऋण प्रभाराचा आयन. तो एकच प्रभार एवढ्या मोठ्या अंगावर पसरलेला, त्यामुळे धनायनाला (धन प्रभाराच्या आयनाला) धरून ठेवण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. म्हणूनच तो हवा असतो. पण ऋणायन चिकटत नाही म्हणून धातूवरची जागा रिकामी राहते, असं नाही. त्या जागेवर जो आधी पोहोचेल तो बसतो, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर तो मान पाण्याचा.

खाली एकच कृती शेवटपर्यंत नेली आहे: सायक्लोपेंटाडायनिल रुथेनियमच्या बिस(ट्रायफिनाइलफॉस्फीन) क्लोराइडवरचा क्लोराइड काढून तिथे ॲसिटोनायट्राइल बसवायचं आणि बाहेर बार्फ ठेवायचा. बार्फ सोडियमच्या क्षाराच्या रूपात टाकायचा: सोडियम क्लोराइडला घेऊन साधं मीठ बनून बाहेर पडतो. तुमचा धातू वेगळा असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

टप्पा १ : ऋणायन आधी ठरवा

हातात जी बाटली आली ती उघडली, असं करू नका. धातूला धरण्याची ताकद ढोबळमानाने अशी उतरत जाते: ट्रायफ्लेट, टेट्राफ्लोरोबोरेट, हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, हेक्झाफ्लोरोअँटिमोनेट, आणि तळाला बार्फ, टेट्राकिस(पेंटाफ्लोरोफिनाइल)बोरेट आणि परफ्लोरोब्युटॉक्सीची ॲल्युमिनेटं. ट्रायफ्लेटला ऑक्सिजन असतो, तो धातूवर बसतोच. ते चालणार असेल तर स्वस्तात काम होतं.

तळाचा ऋणायन नेहमीच बरा, असंही नाही. नुसतं विद्युतवाही द्रावण हवं असेल तर हेक्झाफ्लोरोफॉस्फेट पुरतो. क्षाराचे स्फटिक हवे असतील तर बार्फ छळतो: त्याचे ट्रायफ्लोरोमिथाइल गट क्ष-किरण चित्रात भिंगरीसारखे फिरलेले सापडतात. धनायन फारच भुकेला असेल, उदाहरणार्थ सिलिलियम, तर तो बार्फचाही फ्लोरीन ओढून नेतो. तिथे बार्फ टाकू नका.

टेट्राफ्लोरोबोरेट आणि हेक्झाफ्लोरोफॉस्फेट यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: जोरदार धनायन त्यांच्यातला एक फ्लोराइड खुडून घेतो. मग धातूवर फ्लोराइड, द्रावणात बोरॉन ट्रायफ्लोराइड किंवा फॉस्फरस पेंटाफ्लोराइड, आणि तुम्ही ‘अनपेक्षित उत्पादन’ म्हणून वहीत लिहून मोकळे.

सावधान: हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, टेट्राफ्लोरोबोरेट आणि हेक्झाफ्लोरोअँटिमोनेट यांना ओलावा, आम्ल किंवा उष्णता मिळाली की हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतो. त्याची जळजळ उशिरा जाणवते, तोवर तो आत शिरलेला असतो. २.५ टक्के कॅल्शिअम ग्लुकोनेटची जेल कपाटात नको, फ्यूमहूडशेजारी हवी, आणि तिची मुदत जूनमध्येच बघून ठेवा. अंगाला लागलं तर आधी भरपूर पाण्याने धुवायचं, मग जेल लावायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

टप्पा २ : बार्फ वाळवा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

विकत आणलेला सोडियम बार्फ बहुधा पाणी धरून असतो, आणि किती ते बाटलीगणिक बदलतं. पूड ओली दिसत नाही, कारण ते पाणी सोडियमला बांधलेलं असतं. हाताला कळत नाही, तराजूला कळतं.

हिशेब करून पाहा. कोरड्या सोडियम बार्फचा रेणुभार ८८६.२. त्याने तीन पाणी धरलं असेल तर ९४०.३. तुमच्या १०० मिग्रॅ रुथेनियम क्लोराइडसाठी (रेणुभार ७२६.२, म्हणजे ०.१३८ मिमोल) कोरडा बार्फ १२२ मिग्रॅ लागतो. ओल्या बाटलीतून तेवढाच १२२ मिग्रॅ घेतलात तर प्रत्यक्षात फक्त ०.१३० मिमोल पडतो. जवळपास सहा टक्के क्लोराइड तसाच राहतो, आणि सोबत धातूच्या जवळजवळ तिप्पट मोल पाणी भांड्यात शिरतं. ‘जुनं शिखर आहेच’ या तक्रारीचा उगम हा.

कृती:

१. बार्फला पिवळट-तपकिरी छटा असेल तर आधी थंड डायक्लोरोमिथेनने, अगदी थोडंथोडं घेऊन, गाळणीवरच धुवा. धुवण बिनरंगी आलं की थांबा. कोरडा सोडियम बार्फ डायक्लोरोमिथेनमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून हे जमतं. ओला जास्त जातो, म्हणून हात आखडता ठेवा.

२. सुमारे २ ग्रॅम पूड पसरट भांड्यात पातळ थर करून ड्रायिंग पिस्तुलात (वाफेने तापणारी, व्हॅक्यूमखाली वाळवायची काचेची नळी) ठेवा. तिच्या फुग्यात पाणी शोषणारा ताजा फॉस्फरस पेंटॉक्साइड. बाहेर टोल्युईन उकळत ठेवलं की आत सुमारे ११० अंश सेल्सिअस आपोआप टिकतं, थर्मोस्टॅटवर विश्वास टाकायची गरज नाही.

३. पूर्ण व्हॅक्यूम, दोन दिवस. पहिल्या दिवसानंतर पेंटॉक्साइड बघा: वर काकवीसारखा चिकट थर आला असेल तर बदला. तो थर खालच्या कोरड्या पुडीला झाकून टाकतो आणि तुम्ही उगाच वाट बघत बसता.

४. नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून थेट ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेली हवाबंद कोरडी पेटी) न्या. डेसिकेटरमध्ये ‘फक्त उद्यापर्यंत’ ठेवू नका.

इथे माझी एक जखम सांगते. एका जुलैत अशीच पूड पिस्तुलात लावून मी घरी गेले. रात्री वीज गेली, पंप बंद पडला, आणि पंपातलं तेल नळीतून उलटं वर चढलं. मागोमाग बाहेरची हवा. सकाळी वीज आली होती, पंप छान गुणगुणत होता, गेजही ठीक दाखवत होता. मला काही कळलंच नाही. पुढचे तीन प्रयोग त्याच पुडीवर केले. शेवटी पूड घासून बघितली तेव्हा बोटांच्या हातमोज्याला तेलाचा डाग लागला. तेव्हापासून पंप आणि नळीच्या मध्ये वीज जाताच बंद होणारी झडप आहे, आणि ती नसेल तर पावसाळ्यात रात्रभर काहीही व्हॅक्यूमवर ठेवायचं नाही, असा नियम आहे. इन्व्हर्टर संगणकाला पुरतो, पंपाला पुरत नाही.

तपासा: वाळवण्याआधी आणि नंतर भांड्यासकट वजन करा. तीन पाण्याच्या २.००० ग्रॅम पुडीतून सुमारे ०.११५ ग्रॅम जायला हवं. त्यानंतर आणखी सहा तास ठेवून पुन्हा वजन. फरक एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर अजून व्हायचं आहे.

तपासा: ४० मिग्रॅ पूड कोरड्या ड्यूटेरेटेड ॲसिटोनायट्राइलमध्ये घेऊन प्रोटॉन एनएमआर काढा. बार्फचे आठ ऑर्थो प्रोटॉन ७.७ पीपीएमजवळ (पीपीएम म्हणजे एनएमआरच्या पट्टीवरचं एकक), पाणी २.१ जवळ. त्या आठ प्रोटॉनांचं क्षेत्रफळ आठ धरलं तर एक मोल पाण्याचं क्षेत्रफळ दोन येईल. ते ०.२ च्या आत असावं. त्याच बाटलीतल्या नुसत्या द्रावकाचा एनएमआर आधी काढून त्यातलं पाणी वजा करा, नाहीतर द्रावकाचा दोष बार्फवर येतो. ४० मिग्रॅ एवढ्याचसाठी: दहा मिग्रॅ घेतलंत तर द्रावकातलं पाणीच आकडा बिघडवतं.

बार्फ स्वतः बनवायचा विचार असेल तर एकच वाक्य: ट्रायफ्लोरोमिथाइल असलेल्या ब्रोमोबेंझीनपासून मॅग्नेशिअमच्या कातरणांवर बनवलेली ग्रिन्यार अभिकर्मकं स्फोट होऊन लोकांना इजा करून गेली आहेत. जाणकार आता आयसोप्रोपिल मॅग्नेशिअम क्लोराइडने शून्य अंशाखाली अदलाबदल करतात आणि ते द्रावण कधीही कोरडं होऊ देत नाहीत. एमएस्सीच्या प्रकल्पात हे नको. विकत घ्या.

टप्पा ३ : द्रावकं आणि काच

डायक्लोरोमिथेन कॅल्शिअम हायड्राइडवरून उकळून घ्या आणि ३ अँगस्ट्रॉमच्या चाळणीवर (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी) ठेवा. चाळणी ३०० अंशाला व्हॅक्यूमखाली तापवलेली हवी. पिशवीतून काढून थेट टाकलेली चाळणी पावसाळ्यात पाणी घेत नाही, देते. ॲसिटोनायट्राइललाही तेच.

सावधान: डायक्लोरोमिथेनमध्ये सोडियम कधीही नाही. टेट्राहायड्रोफ्युरान सोडियमवर वाळवायच्या सवयीने हात जातो. मिश्रण स्फोटक होतं.

काचेची भांडी १४० अंशाच्या ओव्हनमधून गरम असतानाच जोडून व्हॅक्यूमखाली थंड करा. टेबलावर थंड केलेली काच आपल्याकडे पाच मिनिटांत पुन्हा पाण्याचा थर घेते. बाहेरची आर्द्रता ८५–९० टक्क्यांच्या घरात असते, त्यात काचेचा काय दोष.

टेट्राहायड्रोफ्युरान या कामात टाळाच. भुकेले धनायन त्याचं वलय उघडून बहुलक बनवतात. सकाळी भांड्यात जेली सापडते.

टप्पा ४ : वजन

ग्लोव्हबॉक्सबाहेर पूड चमच्याला चिकटते, आत गेली की उलटा त्रास: कोरड्या हवेत ती स्थिर विजेने उडते आणि व्हायलच्या भिंतीवर चढते. चमच्याऐवजी आधी वजन केलेल्या व्हायलमध्ये थेट ओता आणि जितकं पडलं त्यावरून रुथेनियमचं वजन ठरवा. १२२.० नेमकं पकडायच्या नादात अर्धा तास घालवू नका.

‘थोडा जास्त टाकू, पूर्ण होईल’ ही दुसरी मोठी चूक. उरलेला सोडियम बार्फ आणि तुमचा नवा क्षार जवळपास सारख्याच द्रावकांत विरघळतात. नंतर वेगळे करता करता नाकी नऊ येतात. रुथेनियमच्या एका मोलाला बार्फ १.०० ते १.०२ मोल. त्यापुढे नाही. कोरड्या बार्फचं प्रमाण खरं असतं, म्हणूनच टप्पा २ वर एवढा वेळ घालवला.

टप्पा ५ : अदलाबदल

१. १०० मिग्रॅ नारिंगी क्लोराइड ५ मिली डायक्लोरोमिथेनमध्ये. ०.१ मिली ॲसिटोनायट्राइल टाका. ते मोलांच्या हिशेबाने रुथेनियमच्या सुमारे चौदा पट भरतं, पुष्कळ झालं.

२. ढवळत ठेवून बार्फ घन स्वरूपात, एकदम नव्हे, तीन-चार खेपांत टाका. सुरुवातीला तो विरघळलेला दिसणार नाही. घाबरू नका, जसजशी अदलाबदल होते तसतसा तो आत खेचला जातो.

३. खोलीच्या तापमानाला दोन तास. नारिंगी रंग पिवळ्याकडे सरकतो आणि द्रावण दुधट होतं. गरम करू नका, फॉस्फीन सुटायला लागतो.

ढीगभर अवक्षेपाची वाट पाहू नका. हिशेबाने फक्त ८ मिग्रॅ मीठ निघणार आहे, नखावर मावेल एवढं. एक मुलगी तळाशी काही दिसत नाही म्हणून आणखी बार्फ टाकत राहिली. पूर्ण झालेला प्रयोग तिने स्वतःच्या हाताने बिघडवला.

सगळंच ॲसिटोनायट्राइलमध्ये केलं तर? मीठ त्यात किंचित विरघळतं, आणि ही क्रिया पुढे ढकलणारी गोष्टच मिठाचं बाहेर पडणं आहे. म्हणून डायक्लोरोमिथेन मुख्य, ॲसिटोनायट्राइल चवीपुरतं.

तपासा: दोन तासांनी एक थेंब काढून फॉस्फरस एनएमआर. ३९ पीपीएमच्या आसपासचं क्लोराइडचं शिखर नाहीसं व्हायला हवं. थोडं असेल तर अजून एक तास. तरीही असेल तर वजन चुकलं आहे, वेळ वाढवून उपयोग नाही.

सोडियमने क्लोराइड हटत नसेल तर चांदी?

काही धातू क्लोराइड सोडायलाच तयार नसतात. तिथे चांदीचा क्षार लागतो. चांदीच्या क्षारांना उजेड सहन होत नाही आणि हवेतलं पाणी ते अधाशासारखं घेतात. चांदीच्या हेक्झाफ्लोरोफॉस्फेटची व्हायल मी एकदा बाहेरच्या तराजूवर उघडली. आकडा स्थिर होईना, चढतच राहिला, आणि मिनिटभरात पांढऱ्या पुडीचा कडेने चकाकणारा लगदा झाला. चांदी ऑक्सिडीकारकही आहे: फेरोसीनचा लिगंड किंवा इलेक्ट्रॉनसमृद्ध धातू असेल तर क्लोराइड निघण्याऐवजी इलेक्ट्रॉन निघतो. भांड्याच्या काचेवर आरसा किंवा काळपट धूळ दिसली की तेच झालंय. त्यातूनही वापरायची तर धातूच्या एका मोलाला नेमकी एक मोल, ग्लोव्हबॉक्समध्ये, तपकिरी व्हायलमध्ये. थॅलिअमचा पर्याय जुन्या कृतींत सापडेल. विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

टप्पा ६ : गाळणे

हे मीठ इतकं बारीक पडतं की साध्या फ्रिटमधून (सच्छिद्र काचेची गाळणी) सरळ निघून जातं. आधी ढवळणं थांबवून अर्धा तास स्वस्थ ठेवा. मग पाश्चर पिपेटमध्ये काचतंतूचा गोळा, त्यावर दोन सेंटिमीटर सेलाइट (गाळायला वापरतात ती बारीक माती). सेलाइट रात्रभर व्हॅक्यूमखाली १५० अंशाला वाळवलेलं हवं. डब्यातलं तसंच वापरलं तर बार्फमधून काढलेलं सगळं पाणी इथे परत द्याल. पहिले काही थेंब गढूळ येतील, ते पुन्हा वर ओता.

तपासा: गाळलेलं द्रावण टॉर्चच्या झोतात धरा. झोताची रेघ आत दिसली तर मीठ अजून आहे. द्रावक उडवा, पुन्हा डायक्लोरोमिथेन घ्या, ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन सिरिंज फिल्टरमधून पुन्हा गाळा.

टप्पा ७ : घन स्वरूपात आणणे

द्रावक श्लेंक लाइनवर (व्हॅक्यूम आणि कोरडा वायू देणारी नळ्यांची मांडणी) उडवा, रोटाव्हॅपवर (भांडं फिरवत द्रावक उडवणारं यंत्र) नाही. रोटाव्हॅपमध्ये हवा सोडता त्या क्षणी थंड भांड्याच्या आत दव धरतं.

बार्फचे क्षार तेलकट राहतात, हे गृहीत धरा. पेंटेन २ मिली घालून भिंती खरवडा, काढून टाका, तीनदा. तरी चिकट असेल तर पेंटेनखालीच काही मिनिटं सोनिकेटरमध्ये. स्फटिकांसाठी अरुंद नळीत एक भाग डायक्लोरोमिथेनचं द्रावण, त्यावर हळूच तीन-चार भाग पेंटेन, आणि मग नळीला हात लावायचा नाही. रोज उचलून ‘आले का’ बघणाऱ्याला स्फटिक मिळत नाहीत.

सगळं हाती लागलं तर २२० मिग्रॅ यायला हवेत. हो, १०० मिग्रॅमधून २२०. ऋणायन एकटाच ८६३ चा आहे. २३० आले तर आनंद मानू नका, त्यात द्रावक किंवा मीठ आहे.

टप्पा ८ : जे बनलं ते तेच आहे का

फ्लोरीन एनएमआर आधी. −६२ ते −६३ पीपीएममध्ये एकच अणकुचीदार रेघ हवी. शेजारी लहान जोडीदार दिसला तर बोरॉनवरून एखादं वलय सुटलं आहे. पूर्वी हेक्झाफ्लोरोफॉस्फेट वापरून झालेल्या भांड्यातून काम केलं असेल तर −७३ च्या आसपास सुमारे ७१० हर्ट्झची दुहेरी रेघ सापडते, आणि फॉस्फरसमध्ये −१४४ ला सात रेघांचा झुपका. त्याशिवाय सुमारे ९५० हर्ट्झची जास्त रुंद दुहेरी रेघ दिसली तर तो पाण्याने फोडलेला हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, म्हणजे डायफ्लोरोफॉस्फेट. एनएमआरची नळी धुतल्यावरही आतून धुरकट राहिली तर संशय पक्का: काच खाल्ली गेली आहे. ती नळी फेकून द्या.

बोरॉन एनएमआरमध्ये −६.६ ला बारीक रेघ. तिच्या पाठीमागे दिसणारी रुंद टेकडी तुमची नाही, नळीच्या बोरोसिलिकेट काचेची आहे.

प्रोटॉनमध्ये ७.७ चे आठ आणि सायक्लोपेंटाडायनिलचे पाच, हे ८ : ५ जुळायला हवं. ७.५ चे चार प्रोटॉन फिनाइलच्या गर्दीत हरवतात, त्यांच्यावर हिशेब बांधू नका. आठ जास्त आले तर सोडियम बार्फ उरला आहे.

मासमध्ये (आयनांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) ऋण बाजूला ८६३ दिसेल. नमुना अगदी विरळ द्या आणि यंत्र चालवणाऱ्याला आधी सांगा. बार्फ नळीत रेंगाळतो आणि पुढच्या दोघांच्या वर्णपटात डोकावतो. धन बाजूला ॲसिटोनायट्राइलऐवजी पाणी धरलेला धनायन सापडला तर पुन्हा टप्पा २.

सायक्लिक व्होल्टॅमेट्री करणार असाल

ही विद्युतदाब बदलत जाऊन प्रवाह मोजायची चाचणी. तिथे द्रावण विद्युतवाही करायला टेट्राब्युटिल अमोनियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट. इथेनॉलमधून दोनदा स्फटिकीकरण, ८० अंशाला व्हॅक्यूमखाली वाळवण. ०.१ मोलर, २५ मिली द्रावणाला ०.९६९ ग्रॅम. नुसत्या क्षाराचा व्होल्टॅमोग्राम आधी काढा, संदर्भासाठीचं फेरोसीन शेवटी टाका. परक्लोरेट वापरायची जुनी पद्धत सोडून द्या. कोरड्या सेंद्रिय परक्लोरेटचा स्फोट व्हायला घासणंही पुरतं.

टप्पा ९ : उरलेलं कुठे

बार्फ असलेलं काहीही सिंकमध्ये नाही, भांडी धुतलेला पहिला ॲसिटोनसुद्धा नाही. कार्बन–फ्लोरीनचे हे बंध निसर्गात सहजी तुटत नाहीत. आपली बहुतेक आवारं जांभ्यावर उभी आहेत, जांभा चाळणीसारखा, आणि उताराखाली कुणाची तरी विहीर असते. हॅलोजनयुक्त द्रावकांच्या डब्यात टाका, डब्यावर ऋणायनाचं नाव लिहा. हेक्झाफ्लोरोफॉस्फेट आणि टेट्राफ्लोरोबोरेटचे उरलेले अंश काचेच्या बाटलीत साठवू नका, प्लास्टिकचा डबा घ्या, झाकण घट्ट पिळू नका, आणि आम्लाच्या डब्यापासून लांब ठेवा. चांदीचे गाळ वेगळ्या तपकिरी बाटलीत. ते परत मिळवता येतात. वापरलेला फॉस्फरस पेंटॉक्साइड बर्फावर चिमूट-चिमूट टाकून विझवायचा, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. इथे मात्र खरा बर्फच लागतो.